फेटल : क्रियापद, नाम

किल्ली कुलपात गेली, फिरली आणि फिरतच राहिली. ताईने ती बाहेर काढली, पुन्हा घातली, दार स्वतःकडे ओढून फिरवली, दाराला खांदा देऊन फिरवली, आणि मग सगळा दोष कुलपाला देऊन जिन्यातल्या दिव्याखाली येऊन हातातल्या किल्लीकडे पाहिलं. किल्लीला दात नव्हते. दांडा होता, वरची कडी होती, आणि टोकाशी जिथे पुढेमागे कापलेला पत्रा असायचा तिथे एक गोलसर, चकचकीत, गुळगुळीत शेवट होता. बोट फिरवलं तर कुठे खुपत नव्हतं. काम इतकं नीट झालं होतं की तिला क्षणभर कौतुकच वाटलं, आणि त्या कौतुकाचा मग असा राग आला की ती बंद दाराकडे बघून आतल्या वडिलांना म्हणाली, "धन्य आहे अण्णा तुमची." सकाळी तिने घाईत दार नुसतं ओढून घेतलं होतं, हे कुलूप आपोआप लागायचं. म्हणजे काल संध्याकाळी कधीतरी त्यांनी खुंटीवरून किल्ली काढली, घासली, आणि शहाण्या माणसासारखी परत खुंटीला अडकवून ठेवली.

तिने घंटा वाजवली. वाजवून झाल्यावर आपण हे का करतो आहोत असं वाटून तिने ती पुन्हा वाजवली. अण्णांचे कान फाउंड्रीने खाल्ले होते. आयुष्यभर ते फेटलिंग खात्यात, म्हणजे ओतीव नगांच्या कडा घासून साफ करणाऱ्या खात्यात होते, शेवटची बरीच वर्षं तिथले मुकादम, आणि त्या खात्यात दिवसभर लोखंडावर लोखंड घासण्याचा असा आवाज असायचा की तिथली माणसं घरीसुद्धा एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलत. कानात घालायचं यंत्र तिच्या धाकट्या भावाने हौसेने आणून दिलं होतं. ते शिट्टी मारतं म्हणून अण्णांनी ते खणात टाकलं, आणि तिच्या माहितीप्रमाणे अजून तरी ते घासलेलं नव्हतं. तिने फोन लावला. आत फोन वाजतोय हे तिला बाहेर ऐकू येत होतं, शेजारच्या दारात ऐकू येत होतं, फक्त ज्याला यायला हवं त्याला येत नव्हतं. मग तिने कुलूपवाल्याला फोन केला. तो म्हणाला, हातातलं काम उरकून येतो, आणि हे त्याने अशा स्वरात सांगितलं की ताई खांद्यावरची पिशवी उतरवून सरळ पायरीवर बसली. वरच्या काकू भाजी घेऊन चढत होत्या. त्यांनी विचारपूस केली, वर येऊन बसा म्हणाल्या, अण्णा बरे आहेत ना म्हणाल्या. ताईने सांगितलं, ठणठणीत आहेत. ते खरंच होतं आणि तिच्या डोक्याला ताप होता तो हाच. दुखणं असतं तर औषध तरी देता आलं असतं.

पहिल्यांदा टेबलाचे कोपरे गेले. ते तिला बरं वाटलं होतं, कारण येताजाता मांडीला लागायचे. मग चमच्यांच्या कडा, पातेल्यांचे कान, दाराची मूठ. अण्णा सकाळी अंघोळ करून स्वच्छ शर्ट घालून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसत, खात्यातून निवृत्त होताना स्वतःबरोबर आणलेली कानस रुमालातून काढत, आणि घरातली एकेक वस्तू अंगठ्याखालून घालत. जिथे अंगठा अडेल तिथे कानस. मग किसणीचे दात गेले. एका सकाळी तिने गाजर किसायला घेतलं तर ते नुसतंच घसरायला लागलं, आणि ती हसली होती. धाकट्याला फोन करून तिने ही गंमत सांगितली तेव्हा तो हसला नाही. "आज किसणी, उद्या गॅसचं बटण," तो म्हणाला, आणि त्या दिवसापासून त्याने अण्णांसाठी वृद्धाश्रमात जागा बघायला सुरुवात केली.

जागा चांगली होती, त्यात खोट काढता येण्यासारखं काही नव्हतं, आणि त्याचीही तिला तिडीक आली होती. दोघं भावंडं बघून आली. खाली बाग, वर खोल्या, प्रत्येक खोलीला खिडकी, फरशी इतकी स्वच्छ की चपला कुठे काढायच्या हा प्रश्न पडावा. तिथल्या बाई हसतमुख होत्या. इथे त्यांना काहीच करावं लागणार नाही, असं त्या दोनदा म्हणाल्या. धारदार वस्तू तेवढी नको. कानस चालेल का, असं ताईने विचारलं तेव्हा बाईंना कानस म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं, आणि समजल्यावर त्यांनी मान हलवली. बागेकडची एक खोली रिकामी होती. ती त्यांनी आज संध्याकाळपर्यंत धरून ठेवली होती, पुढे दुसरं कुणीतरी थांबलेलं होतं. धाकटा सकाळपासून कानीकपाळी ओरडत होता. "ताई, तू फक्त हो म्हण, बाकीचं मी बघतो." तो वाईट नव्हता. तो लांब राहत होता, एवढंच. आणि खरं सांगायचं तर दुपारी जेवणाचा डबा बंद करताना तिने मनातल्या मनात हो म्हटलं होतं. म्हटल्यावर छातीवरचं ओझं उतरेल असं तिला वाटलं होतं. ते उतरलंही असतं, पण तेवढ्यात कार्यालयातल्या मुख्यांनी तिला आत बोलावून एक शब्द पुढ्यात टाकला.

ताई कोशाच्या कार्यालयात होती. इंग्रजी शब्दाला आपल्या भाषेत काय काय म्हणतात हे कार्डावर लिहायचं, कार्ड मुख्यांकडे जायचं, मुख्य त्यावर लाल शाई फिरवून परत पाठवायचे, आणि असं करत करत कोशाची नवी आवृत्ती एकदाची निघणार होती, निदान मुख्य निवृत्त होण्याच्या आत तरी. एरवी तिला शब्दांचं काही वाटत नसे. बरेचसे शब्द गरीब असतात, एक अर्थ घेऊन येतात आणि मुकाट्याने आपल्या ओळीत बसतात. पण 'फेटल' हा शब्द आला आणि तिचे नाकी नऊ आले. मुळात तो कमरेचा पट्टा. मग पट्टा बांधणं. पट्टा बांधला म्हणजे माणूस निघायला तयार झाला, म्हणून तयार होणं, सज्ज होणं, आणि मग एखादी गोष्ट तयार करणं, नीटनेटकी करणं, दुरुस्त करणं. काही गावांत घोड्याला खरारा करणं म्हणजे फेटल करणं. घर झाडूनपुसून काढणं म्हणजेही तेच. कुणाला चांगला चोप देणं म्हणजे, विचित्र वाटेल पण, तेही तेच. ओतकामात साच्याच्या दोन भागांच्या सांध्यातून जी धातूची पातळ झालर बाहेर येते ती छाटून, घासून नग साफ करणं. कच्च्या मातीच्या कपाची शिवण पुसून टाकणं. भट्टीच्या तळाला वाळूचं अस्तर देणं. दूर कुठल्याशा देशात रुळांची डागडुजी करत उन्हात चालणारा माणूस. आणि इतकी सगळी कष्टाची कामं करून उरला कशासाठी, तर आजच्या इंग्रजीत तो शब्द जवळजवळ एकाच ठिकाणी भेटतो: म्हातारं माणूस ठणठणीत आहे असं सांगताना.

मुख्यांनी त्यातलं शेवटचं तेवढं ठेवलं होतं. बाकीच्या ओळींवर लाल रेघ. शब्द दुर्मीळ आहे, दुर्मिळाला दोन ओळी, हा नियम तुम्हीच तर घालून दिलात, असं ते म्हणाले, आणि ते खरं असल्यामुळे ती जास्तच चिडली. ती म्हणाली, ओतकामाचा अर्थ तरी राहू दे, आपल्याकडे हजारो माणसं रोज तो शब्द बोलतात. बोलतात, मुख्य म्हणाले, पण छापलंय कुठे? छापील दाखला आणा. तिने दाखला आणला नव्हता. तिच्याकडे होते ते दाखले असे की आई केस विंचरायला बोलवायची ती "ये, तुला फेटलते" म्हणून. शनिवारी अण्णा तिला आणि धाकट्याला समोर बसवून नखं कापत, मग बारीक कानशीने ती घासत, बोट उलटसुलट करून बघत, आणि "हा नग फेटलला, पुढचा आणा" म्हणत. परीक्षेत कमी गुण पडले की "फेटलून काढीन एकेकाला." पाहुणे येणार म्हणून घर फेटलायचं. आई शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा डॉक्टर खोलीतून गेल्यावर अण्णा तिच्या उशाशी बसून म्हणाले होते, "एवढं फेटलून घे स्वतःला, मग बघू." आईने घेतलं नाही. यातलं काहीच कुठे छापलेलं नव्हतं. मुख्यांना हे सांगायचं म्हणजे आई कुणाची, नखं कुणाची, सगळा पाढा वाचायचा. तिने कार्ड उचलून घेतलं. मग मुख्य सहानुभूतीने म्हणाले, तुमची ओढाताण होतेय ताई, इतरांनी नेली तशी तुम्हीही कार्डं घरी नेत जा ना, मी व्यवस्था करतो. हे ते तिसऱ्यांदा म्हणत होते. ती फाडकन म्हणाली, घरी नको. घरून सुटून येण्यासाठीच तर मी इथे येते. ती आपल्या जागेवर आली, खिडकीजवळच्या, जिथे तिचा चहाचा कप कुणी घासत नव्हतं, आणि मुख्यांनी खोडलेल्या त्या सगळ्या ओळींवरून स्वतःच्या हाताने रेघ मारून मोकळी झाली.

आणि आता ती पायरीवर बसली होती, हातात दात नसलेली किल्ली घेऊन. आपण काय काढलं आणि अण्णांनी काय काढलं असला हिशेब तिच्या डोक्यात यायला लागला तसा तिने तो हाकलून लावला, कारण असल्या जुळवाजुळवीचा तिला कंटाळा होता. कार्ड ते कार्ड आणि किल्ली ती किल्ली. किल्ली ही काही थट्टेची गोष्ट नव्हती. अण्णांचा अंगठा तिला ठाऊक होता. खात्यात कुठलाही नग त्या अंगठ्याखालून गेल्याशिवाय पुढे जात नसे. जास्तीचं काय आणि कामाचं काय हे त्यांना डोळ्यांनी बघावं लागत नसे. एखाद्या दट्ट्याला मुद्दाम ठेवलेली बारीक कड आणि साच्याने चुकून सोडलेली कड यांतला फरक ते अंगठ्याने सांगत. त्या माणसाने किल्लीचे दात जास्तीचे समजून काढले. किसणी वेगळी, किसणी त्यांनी जन्मात हातात धरली नव्हती. पण किल्ली? ते आपल्या घरात आहेत आणि त्यांच्यातलं काहीतरी निघून चाललंय, रोज थोडं, बारीक पूड होऊन, आणि आपण संध्याकाळी येऊन ती पूड टेबलावरून फडक्याने पुसतो. असं तिला स्पष्ट वाटलं, आणि रडू यायच्या ऐवजी पुन्हा रागच आला.

खात्यात एक चष्मेवाले काका होते. ती शाळेत असताना अण्णांचा डबा द्यायला जायची तेव्हा ते दाराशीच भेटायचे, भुवयांत लोखंडाची पूड, तोंडभर हसू. त्यांचा हात गेला. म्हणजे हात होता, पण त्याला कळेनासं झालं. चांगल्या नगात कानस आत जायची आणि नग वाया जायचा. साहेबाने त्यांना काढायला सांगितलं. अण्णांनी काढलं नाही. खात्यात एक पद्धत होती, अण्णांच्याही आधीपासूनची: ज्याचा हात गेला त्याला मुकादमाने आपल्या शेजारी बसवायचं. कामावरून कमी करायचं नाही, झाडू हातात द्यायचा नाही, आपल्या टेबलाच्या डाव्या अंगाला स्टूल द्यायचं आणि घासायला बाद नग द्यायचे. बाद नग म्हणजे ज्यात आधीच भोक किंवा तडा असतो, जे कसेही घासले तरी संध्याकाळी परत भट्टीतच जाणार असतात. चष्मेवाले काका दिवसभर मन लावून ते घासत, अण्णांना दाखवत, अण्णा अंगठा फिरवून "जाऊ दे पुढे" म्हणत, आणि नग भट्टीत जात. ही फसवणूक आहे असं शाळकरी ताईला वाटलं होतं. घरी येताना तिने विचारलंही होतं, अण्णा, त्यांना कळत नाही का? अण्णा म्हणाले होते, "कळतं. कळतं त्याला. पण मुकादमाशेजारी बसलाय ना तो." त्यात काय मोठं, असं तेव्हा तिला वाटलं होतं, आणि नंतर ती ते विसरून गेली होती.

आतून आवाज आला. कर्र, कर्र, थांबणं, पुन्हा कर्र. स्वयंपाकघराची खिडकी जिन्याकडे होती, गजांची, दुधी काचेची, कायम लावलेली. काचेमागे दिवा लागला होता आणि त्यात एक वाकलेला खांदा हलत होता. ताई उठली, काचेवर किल्लीने टकटक केलं, मग मुठीने ठोकलं. खांदा हलत राहिला. ती गजांना धरून ओरडली, इतकी की वरच्या काकूंनी कठड्यावरून वाकून पाहिलं. आत कर्र थांबलं. ऐकू आलं म्हणून नव्हे; नग पुरा झाला होता, आणि पुरा झालेला नग उजेडाकडे धरून बघायचा ही अण्णांची जुनी सवय. काच उघडली आणि जिन्यातल्या दिव्याच्या उजेडात गजांच्या आतून एक हात वर आला. हातात घरची दुसरी किल्ली होती. तिलाही दात नव्हते.

"अण्णा," ती त्यांच्या डोळ्यांसमोर आपले ओठ आणून म्हणाली. त्यांनी तिला पाहिलं, ओळखलं, ओळखून मान हलवली, आणि पुन्हा किल्लीकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की ते तिला बघवेना. तिच्या मनात आलं ते चांगलं नव्हतं. दाखवूनच देऊ एकदा, असं तिच्या मनात आलं. तिने आपली किल्ली गजांतून आत त्यांच्या तळहातावर ठेवली आणि शब्द सुटे करून विचारलं, "हे काम बघा. कसं झालंय?"

अण्णांनी हातातली किल्ली खिशात टाकली आणि ही घेतली. त्यांचा चेहरा बदलला. तो मुकादमाचा झाला. त्यांनी अंगठा दांड्यावरून खाली आणला, टोकापाशी थांबवला, परत वर नेला, परत आणला. दुसऱ्यांदा तो तिथेच थांबून राहिला.

"सफाई चांगली आहे," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "पण कामाचं काढून टाकलंय. जास्तीचं समजून." त्यांनी वर पाहिलं. "म्हातारा असणार. तरुण हात इतका सावकाश चालत नाही."

हे थांबवावं असं ताईला वाटलं, पण प्रश्न तिच्या तोंडून निघून गेला होता. "मग काय करायचं त्याचं?"

"करायचं काय त्यात?" अण्णा किंचित वैतागून म्हणाले, इतकी वर्षं डबा घेऊन येतेस आणि एवढंही ठाऊक नाही, अशा स्वरात. "शेजारी बसवायचं. बाद नग द्यायचे." मग त्यांनी मागे, रिकाम्या स्वयंपाकघराकडे नजर टाकली, गजांजवळ आले, आणि तिथे कुणीतरी बसलंय आणि त्याला ऐकू जाऊ नये अशा बेताने आवाज खाली आणला. "त्याला काही बोलू नकोस, पोरी. कळतं त्याला."

पिशवीत फोन वाजत होता. किती वेळ वाजत होता कोण जाणे. तिने तो काढला. धाकटा म्हणाला, ताई, त्या बाई थांबल्यात, आता काय ते सांग. ती गजाला कपाळ टेकवून उभी होती, लोखंड गार होतं.

"नाही म्हणून कळव," ती म्हणाली.

तो बोलायला लागला, आणि तो जे बोलत होता ते सगळं बरोबर होतं: गॅस, दिवसभर एकटेपण, तिची नोकरी, तिचं वय. तिने ते ऐकून घेतलं. खिडकीजवळची आपली जागा तिला दिसली, चहाचा कप, बरोबरच्या बायकांचं हसणं, संध्याकाळी उगाच रेंगाळणं. आणि उद्या मुख्यांपुढे जाऊन, फाडकन बोललेलं गिळून, कार्डं घरी नेते म्हणायचं. तिला फार वाईट वाटलं. स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या एका अंगाला कार्डं आणि डाव्या अंगाला कर्र, कर्र, दिवसचे दिवस. जीव मेटाकुटीला येणार होता, यात शंकाच नव्हती.

"ताई, ऐकतेयस ना?"

"ऐकतेय. रविवारी येशील तेव्हा भंगारवाल्याकडून जुन्या किल्ल्या घेऊन ये. पिशवीभर. गंजलेल्या असल्या तरी चालतील, दात असले म्हणजे झालं."

"कशाला?"

"आण म्हटलं ना," असं म्हणून तिने फोन ठेवला. जिन्याखाली कुलूपवाल्याची हाक आली, कुठला मजला म्हणून तो विचारत होता. नव्या कुलपाचा खर्च, नवी किल्ली, आणि ती किल्ली आता कायम स्वतःच्या गळ्यात, हे सगळं तिच्या डोळ्यांपुढे आलं. निदान दार तरी फोडायला लागू नये. ती पुन्हा गजांशी गेली, हाताने मूठ फिरवल्याची खूण करत, ओठ सुटे सुटे करत म्हणाली, "अण्णा, आतून दार उघडा."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, बंद दाराकडे पाहिलं. हातातल्या किल्लीवरून त्यांचा अंगठा अजून फिरत होता.

"रोज रोज काय गं हे?" ते म्हणाले. "बाहेर पडताना किल्ली नेत नाहीस का बरोबर?"